लिंक्ड लिस्टमधून नोड काढायचा कसा? आधी त्याचा पत्ता कोणाकडे आहे ते शोधा

लिंक्ड लिस्टमध्ये नोड जोडणं बहुतेकांना लवकर जमतं. अडचण येते ती काढताना. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी अर्धी लिस्ट गायब होते. कधी सगळं बरोबर दिसतं आणि मग भलत्याच ठिकाणी विचित्र आकडे छापले जातात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘इन्सर्ट’ चालतं आणि ‘डिलीट’ अडतं, ते उगाच नाही. जोडताना तुमच्या हातात नवा नोड असतो आणि तो कुठेतरी चिकटवायचा असतो. काढताना ज्या नोडकडे तुम्ही बघत असता, त्याच्यात काहीच बदलायचं नसतं. बदल दुसरीकडे करायचा असतो.

म्हणून हा लेख एकाच प्रश्नाभोवती लिहिला आहे: जो नोड काढायचा आहे, त्याचा पत्ता या क्षणाला कोणाकोणाकडे लिहिलेला आहे? पहिला नोड, शेवटचा नोड, दुहेरी लिस्ट, लागोपाठ आलेले सारखे आकडे, या सगळ्यांत हाच प्रश्न विचारला की उत्तर सापडतं. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा कोड पाठ करायची गरज नाही.

नोड म्हणजे काय आणि पॉइंटर म्हणजे काय, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. कोड मी मराठी नावांनी लिहितोय, म्हणजे सी, जावा, पायथन यांपैकी तुमची जी भाषा असेल तिच्यात तो उतरवता येईल. पायथन ३ मध्ये तर व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे खाली येणारी ‘मागचा.नेक्स्ट = चालू.नेक्स्ट’ ही ओळ तिथे जशीच्या तशी टाकता येते.

आधी कागद घ्या

चार नोडची लिस्ट घेऊ. मेमरीतले पत्तेही लिहू, कारण नुसते बाण काढले की नेमका कुठला आकडा बदलतोय ते दिसत नाही. हेड म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता, नेक्स्ट म्हणजे पुढच्या नोडचा, आणि नल म्हणजे पुढे कोणी नाही.

```
हेड = १०२४

पत्ता १०२४ : डेटा १२, नेक्स्ट १०८८
पत्ता १०८८ : डेटा २५, नेक्स्ट १०४०
पत्ता १०४० : डेटा ३१, नेक्स्ट ११३६
पत्ता ११३६ : डेटा ४८, नेक्स्ट नल
```

पत्ते क्रमाने नाहीत हे मुद्दाम. ॲरेमध्ये घटक शेजारीशेजारी बसतात, इथे प्रत्येक नोड मेमरीत कुठेही असू शकतो आणि पुढच्यापर्यंत पोचायचा एकमेव दुवा म्हणजे नेक्स्टमधला आकडा. तो आकडा पुसला गेला आणि दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नसेल, तर पुढची सगळी लिस्ट हातातून गेली.

आता ३१ काढायचा आहे. १०४० हा पत्ता कोणाकडे लिहिलाय? वरची नोंद पुन्हा वाचा: फक्त १०८८ वरच्या नोडच्या नेक्स्टमध्ये. मग काम एवढंच, की तिथे १०४० खोडून ११३६ लिहायचं. ११३६ कुठून आणायचं? काढायच्या नोडच्या नेक्स्टमध्ये ते आहेच. ३१ च्या नोडला हात न लावता तो लिस्टबाहेर गेला, कारण हेडपासून निघालं तर आता त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता उरला नाही.

हे कागदावर स्वतःच्या हाताने एकदा करा, खोडरबर घेऊन. स्क्रीनवर कोड वाचून हे समजल्यासारखं वाटतं, पण हात वहीवर चालला की कुठला आकडा आधी खोडायचा आणि कुठला नंतर, ते पक्कं होतं.

शोधणं, सोडवणं, मोकळं करणं

काढण्याच्या कामाचे तीन भाग पडतात, आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो.

पहिला भाग शोधण्याचा. इथे दोन पॉइंटर बरोबर न्यायचे, कारण नोड सापडेल तेव्हा त्याच्या मागचाही हातात हवा. एकेरी लिस्टमध्ये मागे वळता येत नाही.

```
मागचा = नल
चालू = हेड
जोवर (चालू नल नाही) आणि (चालू.डेटा ≠ ३१):
    मागचा = चालू
    चालू = चालू.नेक्स्ट
```

अटींचा क्रम नीट बघा. नल आहे का ते आधी, डेटा नंतर. सी, जावा, पायथन या तिन्ही भाषांत ‘आणि’च्या डावीकडची अट खोटी निघाली तर उजवीकडची तपासलीच जात नाही. क्रम उलटा लावला, तर शोधलेला आकडा लिस्टमध्ये नसताना प्रोग्राम नलच्या आत डेटा शोधायला जाईल आणि तिथेच थांबेल. आकडा सापडत असेल तेव्हा दोन्ही क्रम सारखेच चालतात, म्हणून ही चूक चाचणीत सहज निसटते.

दुसरा भाग सोडवण्याचा, म्हणजे पत्ता बदलण्याचा.

```
जर चालू नल आहे:
    सापडला नाही, इथूनच परत
जर मागचा नल आहे:
    हेड = चालू.नेक्स्ट
नाहीतर:
    मागचा.नेक्स्ट = चालू.नेक्स्ट
```

तिसरा भाग मेमरी मोकळी करण्याचा. सी मध्ये ‘मॅलॉक’ने घेतलेली जागा ‘फ्री’ने परत द्यावी लागते, आणि ती सोडवून झाल्यावरच. क्रम बदलून आधी फ्री केलंत आणि मग ‘चालू.नेक्स्ट’ वाचलंत, तर तुम्ही आपली नसलेली जागा वाचताय. यातला खरा धोका असा, की पुष्कळदा ते चालून जातं. फ्री केल्यावर तिथले आकडे लगेच पुसले जातातच असं नाही, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर उत्तर बरोबर येतं. दुसऱ्या मशीनवर तिथल्या लायब्ररीने त्या मोकळ्या जागेत स्वतःच्या नोंदी लिहिलेल्या असतात आणि तोच प्रोग्राम कोसळतो. ‘माझ्याकडे चालतंय’ हा या बाबतीत पुरावा धरू नका.

सोडवणं आणि मोकळं करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हा फरक लिंक्ड लिस्टइतकाच जुना आहे. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५५-५६ मध्ये आपल्या ‘लॉजिक थिअरिस्ट’ या प्रोग्रामसाठी आयपीएल (इन्फर्मेशन प्रोसेसिंग लँग्वेज) ही भाषा घडवली आणि तिच्या पोटी लिंक्ड लिस्ट आली. तिच्यात वापरून झालेल्या जागा परत देण्याचा भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच होता. पुढे जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी १९५९ च्या सुमारास गार्बेज कलेक्शनची कल्पना मांडली: ज्या जागेपर्यंत पोचायचा रस्ताच उरला नाही, ती यंत्रानेच शोधून परत घ्यायची. जावा आणि पायथन वापरताना तुम्हाला तिसरा भाग लिहावा लागत नाही, तो या परंपरेमुळे.

पण म्हणून पायथनवाल्यांनी सुरुवातीचा प्रश्न सोडून देऊ नये. पायथनच्या नेहमीच्या अंमलबजावणीत, म्हणजे सीपायथनमध्ये, प्रत्येक वस्तूकडे किती जण बोट दाखवतायत याची मोजणी चालू असते. ती शून्यावर आली की वस्तू जाते. काढलेल्या नोडचा पत्ता एखाद्या डिक्शनरीत किंवा जुन्या व्हेरिएबलमध्ये राहिला, तर नोड लिस्टबाहेर असूनही मेमरीत जिवंत राहतो.

हेड बदलतं तेव्हा

पहिलाच नोड काढायचा असेल तर १०२४ हा पत्ता कोणाकडे आहे? कुठल्याही नोडकडे नाही, तो ‘हेड’ या व्हेरिएबलमध्ये आहे. म्हणून हेड बदलायचं. वरच्या कोडमध्ये ती फांदी (‘जर मागचा नल आहे’) आहेच. सी मध्ये मात्र इथे एक सापळा आहे आणि त्यावर थोडा वेळ घालवणं गरजेचं आहे.

समजा तुम्ही डिलीटचं फंक्शन लिहिलं आणि त्याला हेड पाठवलं. सी मध्ये फंक्शनला जातं ते मूल्य, म्हणजे १०२४ या आकड्याची प्रत. फंक्शनने आपल्या प्रतीत १०८८ लिहिलं, १०२४ वरची जागा फ्री केली आणि परत आलं. मुख्य प्रोग्राममधल्या हेडमध्ये अजून १०२४ च आहे. म्हणजे आता तो मोकळ्या केलेल्या जागेकडे बघतोय. मधला नोड काढताना हे फंक्शन अगदी व्यवस्थित चालतं, कारण तेव्हा हेडला हात लागत नाही. पहिला काढला की बिघडतं.

सुटका दोन प्रकारे होते. फंक्शनने नवं हेड परत द्यायचं आणि बोलावणाऱ्याने ‘हेड = काढा(हेड, १२)’ असं लिहायचं. किंवा फंक्शनला हेडचा पत्ता द्यायचा, म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर. पहिल्या पद्धतीत बोलावणारा ‘हेड =’ लिहायला विसरू शकतो आणि कंपायलर सहसा तक्रार करत नाही, म्हणून सी मध्ये मला दुसरी पद्धत बरी वाटते. शिवाय त्या पद्धतीने कोडही छोटा होतो. तो आता पाहू.

पत्ता लिहिलेली जागा हातात धरा

आत्तापर्यंत आपण ‘मागचा नोड’ धरून चाललो होतो. पहिल्या नोडला मागचा नसतो, म्हणून वेगळी फांदी लागली. त्याऐवजी चालू नोडचा पत्ता जिथे लिहिलाय ती जागाच धरली तर? हेड ही अशीच एक जागा आणि प्रत्येक नोडमधलं नेक्स्ट हीसुद्धा अशीच जागा. दोन्हींत एका नोडचा पत्ता मावतो, दोन्हींचा प्रकार एकच. म्हणजे पहिला नोड वेगळा उरतच नाही.

या वेळी लिस्टही अवघड घेऊ: ७ → १२ → ७ → ७ → ३० → ७. यातले सगळे ७ काढायचे आहेत. सुरुवातीला, मध्ये लागोपाठ दोन आणि शेवटी, असे ते मुद्दाम पेरले आहेत. खाली तारा म्हणजे ‘त्या पत्त्यावर जे आहे ते’.

```
जागा = हेडचा पत्ता
जोवर *जागा नल नाही:
    नोड = *जागा
    जर नोड.डेटा == ७:
        *जागा = नोड.नेक्स्ट
        फ्री(नोड)
    नाहीतर:
        जागा = नोडमधल्या नेक्स्टचा पत्ता
```

‘नाहीतर’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. नोड काढला की पुढे सरकायचं नाही. त्याच जागेत आता पुढच्या नोडचा पत्ता आलेला आहे आणि तो अजून तपासलेला नाही. काढल्यावरही पुढे सरकलात, तर लागोपाठच्या दोन ७ पैकी दुसरा निसटतो. सगळे आकडे वेगवेगळे असलेल्या लिस्टवर चाचणी घेतली तर ही चूक कधीच दिसणार नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ साली टेडच्या व्यासपीठावरच्या मुलाखतीत याच दोन रूपांची तुलना दाखवली होती: एकीकडे ‘मागचा नल आहे का’ असं विचारणारा कोड, दुसरीकडे ही जागा धरण्याची पद्धत. त्यांच्या मते दुसरं रूप चांगल्या अभिरुचीचं, कारण अपवाद वाटणारी गोष्ट त्यात सर्वसाधारण होऊन जाते. मला हे पटतं. तरीही नव्याने शिकणाऱ्याने आधी दोन पॉइंटरवाला कोड स्वतः लिहावा आणि मग या रूपाकडे यावं. फांदी का लागली होती हे माहीत असल्याशिवाय ती गेल्याचं मोल कळत नाही.

पायथन आणि जावामध्ये अशी जागा धरता येत नाही. तिथे डमी नोड वापरा. लिस्टच्या आधी एक खोटा नोड उभा करायचा, म्हणजे पहिल्या खऱ्या नोडलाही ‘मागचा’ मिळतो.

```
डमी = नवा नोड
डमी.नेक्स्ट = हेड
मागचा = डमी
जोवर मागचा.नेक्स्ट नल नाही:
    जर मागचा.नेक्स्ट.डेटा == ७:
        मागचा.नेक्स्ट = मागचा.नेक्स्ट.नेक्स्ट
    नाहीतर:
        मागचा = मागचा.नेक्स्ट
हेड = डमी.नेक्स्ट
```

शेवटची ओळ विसरू नका. पहिला नोड गेला असेल तर जुनं हेड आता लिस्टबाहेरच्या नोडकडे बघत असतं.

संपूर्ण लिस्ट मोकळी करायची असेल तर काम सोपं आहे: पुढचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, चालू नोड फ्री करा, ठेवलेल्या पत्त्यावर जा, आणि सगळं संपल्यावर हेडमध्ये नल लिहा.

पत्ता दोघांकडे असतो तेव्हा

दुहेरी लिस्टमध्ये प्रत्येक नोडचा पत्ता दोन शेजाऱ्यांकडे असतो: मागच्याच्या नेक्स्टमध्ये आणि पुढच्याच्या प्रीव्हमध्ये. दोन्हीकडे बदल करायचा.

```
जर नोड.प्रीव्ह नल नाही: नोड.प्रीव्ह.नेक्स्ट = नोड.नेक्स्ट
नाहीतर:               हेड = नोड.नेक्स्ट
जर नोड.नेक्स्ट नल नाही: नोड.नेक्स्ट.प्रीव्ह = नोड.प्रीव्ह
नाहीतर:               टेल = नोड.प्रीव्ह
```

नेक्स्ट बदलला आणि प्रीव्ह विसरलात, तर पुढून छापलेली लिस्ट बरोबर दिसेल आणि मागून छापली की काढलेला नोड परत उगवेल. म्हणून दुहेरी लिस्ट नेहमी दोन्ही दिशांनी छापून तपासा.

‘टेल’कडे लक्ष द्या. रांग बनवताना एकेरी लिस्टमध्येही शेवटच्या नोडचा पत्ता वेगळा ठेवतात. म्हणजे शेवटचा नोड काढताना त्याचा पत्ता दोन ठिकाणी असतो, त्याच्या मागच्याकडे आणि टेलमध्ये. टेल तसंच राहिलं तर पुढचा नवा नोड लिस्टबाहेरच्या नोडला जोडला जाईल. लांबी मोजणारं व्हेरिएबल असेल तर तेही एकने कमी करा.

लिनक्स कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या कोडमधली, लिस्ट याहून सुटसुटीत आहे. ती वर्तुळाकार असते आणि हेड हासुद्धा तिचाच एक घटक असतो, त्यामुळे नल कुठेच येत नाही आणि वरच्या चारही फांद्या जाऊन दोन ओळी उरतात. तिथलं ‘लिस्ट-डेल’ फक्त सोडवतं, मेमरी मोकळी करत नाही. शिवाय काढलेल्या नोडच्या दोन्ही पॉइंटरमध्ये ते मुद्दाम ‘विषारी’ पत्ते लिहून ठेवतं, म्हणजे कोणी चुकून तो नोड वापरला तर चूक लगेच उघडी पडावी. लिस्ट फिरता फिरता नोड काढायचे असतील तर तिथे नावात ‘सेफ’ असलेला वेगळा लूप आहे, जो पुढचा पत्ता आधीच बाजूला ठेवतो.

तयार लिस्ट वापरताना

कामाच्या ठिकाणी तुम्ही बहुतेक वेळा भाषेबरोबर आलेली लिस्टच वापराल. जावामध्ये फॉर-ईच लूप चालू असताना लिस्टच्या ‘रिमूव्ह’ने घटक काढला, की बहुधा ‘कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन’ येतं. कारण लूपमागे लिस्टमधून फिरणाऱ्या इटरेटरकडेही पुढच्या घटकाचा पत्ता आहे आणि तुम्ही त्याला न सांगता लिस्ट बदललीत. इटरेटरचं स्वतःचं ‘रिमूव्ह’ वापरा, किंवा जावा ८ पासून आलेलं ‘रिमूव्ह-इफ’. पूर्णांकांच्या लिस्टवर ‘रिमूव्ह’ला साधा ७ दिलात, तर ७ हे मूल्य जात नाही, ७ या क्रमांकावरचा (मोजणी शून्यापासून) घटक जातो. मूल्यच काढायचं असेल तर ते इंटिजर वस्तू म्हणून द्या. सी++ मध्ये ‘इरेझ’ काढलेल्याच्या पुढचा इटरेटर परत देतं, तो घ्या, जुना वापरू नका.

मुलाखतीत एक प्रश्न फार विचारला जातो: हेड दिलेलं नाही, फक्त काढायचा नोड दिलाय, काढून दाखवा. उत्तर असं, की पुढच्या नोडचा डेटा या नोडमध्ये उतरवायचा आणि पुढचा नोड काढायचा. युक्ती चांगली आहे, पण शेवटच्या नोडला ती चालत नाही, कारण उतरवून घ्यायला पुढे कोणी नाही. शिवाय पुढच्या नोडचा पत्ता कोणी दुसऱ्याने जपून ठेवला असेल, तर त्याच्या हातात आता गेलेला नोड आहे. मुलाखतीत उत्तर देताना या दोन्ही मर्यादा आपणहून सांगा.

तोंडी परीक्षेत दुसरा एक प्रश्न हमखास येतो: लिंक्ड लिस्टमधून काढायला वेळ किती लागतो? ‘ओ(१)’ एवढंच म्हणू नका. मागचा नोड हातात असेल तर पत्ता बदलणं ओ(१) आहे, लिस्ट कितीही मोठी असो. पण नुसता आकडा दिलेला असेल तर तो शोधायलाच ओ(एन), म्हणजे लिस्टच्या लांबीच्या प्रमाणात, वेळ लागतो. ॲरेमध्ये घटक काढला की त्याच्यानंतरचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात, ते इथे वाचतं. शोधणं वाचत नाही.

तपासायचं कसं

आपल्या कोडला या लिस्ट देऊन बघा: रिकामी, एकाच नोडची, जिच्यात तो आकडा नाही अशी, पहिला काढायचा, शेवटचा काढायचा, लागोपाठचे दोन काढायचे, आणि सगळेच नोड काढायचे अशी. दर वेळी लिस्ट छापा. नंतर एक नवा नोड शेवटी जोडून पुन्हा छापा, म्हणजे टेल चुकलं असेल तर तिथे कळेल.

सी किंवा सी++ असेल तर एवढ्यावर थांबू नका. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर आहे. तो चालू करून कंपाइल केलं, की मोकळ्या केलेल्या जागेला हात लावताच प्रोग्राम थांबतो आणि कुठल्या ओळीवर जागा फ्री झाली होती, कुठल्या ओळीवर ती वापरली गेली, दोन्ही दाखवतो. न परतवलेली मेमरी शोधायला लिनक्सवर व्हॅलग्रिंड वापरा. प्रोग्राम संपताना वाटलेली प्रत्येक जागा परत आली, असा अहवाल आला की मगच प्रॅक्टिकलची फाईल पूर्ण करा.